माघातली फेरी : बी विकत आणण्यापूर्वी परसात काय उगवलंय ते पाहा



गळीत हंगाम अर्ध्यावर आला की आपणा सर्वांचे कान एकाच गोष्टीकडे लागलेले असतात, ती म्हणजे तोड. टोळी कधी येणार, उरलेल्या उसाला तोपर्यंत पाणी द्यावे की तोडावे, सुरूची लागण १५ फेब्रुवारीच्या आत उरकेल का, खोडव्याच्या बगला कधी फोडायच्या. या धांदलीत घराभोवतालच्या चार-दोन गुंठ्यांकडे बघायला कोणाला सवड असते? त्यातून परसबाग म्हटले की ते बायकामुलांचे काम, अशी आपली समजूत. परिणाम असा की बारमाही पाण्याचा बागायतदार आठवड्याच्या बाजारात पिशवी घेऊन उभा राहतो आणि जिरायत गावातून आलेल्या बाईकडून पालेभाजीची जुडी विकत घेतो. मीही वीस वर्षे हेच केले. मी काही शेतकी खात्यातला माणूस नव्हे, तुमच्यासारखाच साधा सभासद आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते घरात घडलेले, चुकलेले आणि मागाहून विचारून घेतलेले आहे असे समजून वाचावे.

सुरुवात झाली ती एका जुडीवरून. माघ महिना होता. सूनबाईने बाजारातून चाकवताची जुडी आणली. माझ्या मातुश्रींचे वय ऐंशीच्या पुढे आहे, पण नजर शाबूत आहे. त्यांनी विचारले, "कितीला आणलीस गं?" सूनबाई म्हणाली, "वीस रुपयांना, आजी." त्यावर म्हातारी हसली. "अगं, आपल्या खोडव्यात ह्येचं रान माजलंय. आन् तुझा सासरा सकाळी त्येच्यावरच औषध मारायला माणूस सांगत हुता."

खरोखरच तसे होते. तणनाशकाचा डबा ओसरीवर आणून ठेवलेला होता, फवारणीची मजुरी ठरली होती. म्हणजे जी वस्तू मारण्यासाठी मी पैसे मोजणार होतो, तीच वस्तू माझी सून पैसे मोजून घरी आणत होती! मी तो दिवस फवारणी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मातुश्रींना घेऊन शेताच्या बांधावरून आणि परसातून एक फेरी मारली. तेव्हापासून दर माघात आमच्या घरी ही फेरी असते. तिच्याबद्दलच सांगायचे आहे.

त्याआधी थोडा हिशेब. आमच्या घरात खाणारी सात माणसे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाजीपाला आणि फळे पोटात जावीत. सात माणसांचे रोजचे २ किलो ८०० ग्रॅम झाले, वर्षाचे १,०२२ किलो. म्हणजे एक टन. आता दुसरी बाजू बघा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एकरी ४० टन उतारा धरला तर एका गुंठ्यातून ऊस निघतो तोही एक टनच. त्या एका टनाला आपला कारखाना काय दर देतो ते आपणास ठाऊक आहे. एक टन भाजी-फळे बाजारातून आणायला काय पडते ते घरातल्या लक्ष्मीला विचारा. एका गुंठ्यात वर्षाची सगळी भाजी निघेलच असे मी छातीठोक सांगत नाही. पण एक गुंठा ऊस कमी लावल्याने कोणी बुडत नाही एवढे नक्की.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचाही नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ही पाहणी आपल्यासारख्या खात्यापित्या घरांची नसेल असे म्हणून पाने उलटू नका. आमच्याच घरात सूनबाईच्या दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी हेच सांगितले होते. पालेभाजी हा त्यावरचा सगळा इलाज नव्हे, गोळ्या घ्याव्याच लागतात; पण ताटात हिरवे काही नसणे हे आपल्या ऊसपट्ट्याला शोभत नाही.

आता फेरीकडे वळू.

फेरीला घरातले सर्वात वडील माणूस आणि सर्वात लहान मूल ही दोन हवीतच. वडील माणसाला ओळख असते, लहान मुलाची नजर जमिनीजवळ असते. आमचा नातू प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन पुढे चालतो; बांधाच्या कोपऱ्यावर ठेवली की मातुश्री तिच्यावर बसतात आणि तिथून काठीने दाखवतात. नातीकडे वही असते. माझ्याकडे खुरपे आणि जुन्या तांबड्या लुगड्याच्या चिंध्या. जे झाड, जो वेल राखायचा, त्याला चिंधी बांधायची. ही चिंधी फार कामाची. गडी, बैल, तोडणीवाले, फवारणीवाले, सगळ्यांना ती न सांगता समजते.

बांधावर आणि नुकत्याच तुटलेल्या उसाच्या सरीत माघात काय काय सापडते ते पाहा. चाकवत तर सांगितलाच. त्याचे शेंड्याजवळचे पान पिठी लावल्यासारखे पांढुरके दिसते. पाटाच्या कडेला, जिथे ओल टिकते, तिथे घोळ पसरलेली असते. तिची पाने मांसल, देठ तांबूस. घोळीचे देठ मोडले तर आतून नुसते पाणी येते. हे लक्षात ठेवायचे, कारण तिच्याच शेजारी जमिनीलगत पसरणारी दुधाणी असते, तिला मोडल्याबरोबर पांढरा चीक येतो. ती घ्यायची नाही. तांदुळजा आणि माठ उकिरड्याच्या कडेने आपोआप येतात. पाथरी मात्र आम्हांला दोन वर्षे ओळखताच आली नव्हती. ती दाखवली आमच्या शेतात तोडीला आलेल्या बीडकडच्या टोळीतल्या एका बाईने. उन्हात मोळी बांधता बांधता तिने बांधावरून चार पाने खुडली आणि मातुश्रींच्या हातावर ठेवली. "आजी, ही पाथरी. आमच्याकडं भाकरीसंगं कच्चीच खातेत." जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली, कडांना दाते असलेली पाने आणि वर पिवळे फूल, अशी तिची खूण. हिला चीक असतो, पण ही खायची. म्हणून म्हणतो, पुस्तकातल्या एका खुणेवर भिस्त ठेवू नये. ओळखणारे माणूस सोबत असल्याशिवाय नवी रानभाजी तोंडात घालूच नये. आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळ, चाकवत बेतानेच खावे.

टोळीतल्या या बाया आपल्या शेतात चार-सहा महिने राहतात. वाढे बैलांना नेतात, तण भाजीला नेतात. आपण त्यांच्याकडे कोयता म्हणूनच बघतो. त्यांना किती ओळख असते ते विचारल्याशिवाय कळत नाही.

फवारणीबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण इथेच मी स्वतः फसलो.

उसाची लागण झाल्यावर वाफशावर अ‍ॅट्राझीन मारायचे आणि पुढे रुंद पानांची तणे उगवली की २,४-डी मारायचे, ही पद्धत आता घरोघर आहे. मजूर मिळत नाहीत, काय करणार? मी तणनाशकाला नावे ठेवीत नाही. पण ज्या तणांवर हे औषध चालते त्यातली निम्मी तणे म्हणजे वर सांगितलेल्या भाज्याच आहेत. तेव्हा भाजीचा बांध आधी ठरवावा, त्याला चिंध्या बांधाव्यात, आणि ज्या बांधावर औषध पडले तिथली भाजी त्या हंगामात घेऊच नये. वरून धुऊन औषध जात नाही. आमच्या भागात गड्याने सकाळी फवारलेल्या पट्ट्यातून संध्याकाळी शेजारची बाई घोळ घेऊन गेल्याचे मी पाहिलेले आहे. कोणी सांगितलेच नव्हते तिला.

दुसरी गोष्ट पंपाची. ज्या पंपाने उसात २,४-डी मारले, तोच पंप दोनदा पाण्याने खळखळून मी परसातल्या भेंडी-टोमॅटोवर निंबोळी अर्क फवारला. आठवड्याच्या आत भेंडीची पाने बोटांसारखी चिरली, टोमॅटोचा शेंडा पिळवटला, देठ वाकडे झाले. मला वाटले बोकड्या रोग आला. दुकानातून आणखी एक औषध आणून मारले. शेवटी शेतावर आलेल्या कृषी सहायकांनी झाडे पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "पंप कोणता वापरला?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे औषध पंपात, नळीत, वायसरात अगदी थोडे राहिले तरी भेंडी, टोमॅटो, कापूस, द्राक्ष, वेलभाज्या यांना पुरते. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. वाऱ्यावरूनही ते उडत जाते, म्हणून घराच्या बाजूने वारा असेल त्या दिवशी फवारणी नको. तेव्हापासून आमच्याकडे दोन पंप आहेत. तणनाशकाच्या पंपाला तांबडा रंग फासला आहे आणि तो परसात आणायचा नाही, हा घरातला कायदा आहे.

बांधावरून आले की परस. इथे सापडणारा माल वेगळा.

मोरीचे पाणी जिथे जाते तिथे आधी पाहावे. सरकारच्या जलजीवन योजनेचे माप माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे आहे. सात माणसांचे ३८५ लिटर. यातले बरेचसे अंघोळीचे, भांड्यांचे, धुण्याचे होऊन मोरीतून बाहेर पडते आणि डास पोसते. त्याच पाण्यावर अळू, केळी सुखाने वाढतात. मात्र कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. मोरीजवळ केळीची मुनवी आलेली असतात. त्यात दोन जाती दिसतील : एकाची पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, दुसऱ्याची लहानपणीच रुंद. अरुंद पानाचे मुनवे राखायचे, त्याचे बूड जाड आणि मुळे सशक्त असतात. रुंद पानाची काढून टाकायची. आपण नेमके उलटे करतो, कारण रुंद पानाचे दिसायला गुबगुबीत असते.

त्याच ओलीवर आमच्या नातीला पपईची पाच रोपे सापडली. पपई खाऊन बिया मोरीत टाकलेल्या, त्या उगवल्या. मुलांना फार आनंद झाला, आणि आनंद झाला की माणूस घाई करतो. तिथेच ठेवू म्हणाली. पण पपईच्या बुडाशी पाणी साचले की पावसाळ्यात बुंधा कुजतो आणि झाड एका रात्रीत मान टाकते. म्हणून थंडी ओसरल्यावर, फाल्गुनात, रोपे वीतभर असतानाच मातीच्या हुंड्यासकट उचलून उंचवट्यावर लावली आणि वर पाचटाची सावली केली. एका जागी तीन रोपे लावावीत. देशी पपईत नर-मादी वेगळी असते आणि ती फूल येईपर्यंत कळत नाही. लांब दांड्यावर घोसाने लोंबणारी फुले आली की तो नर. एखादा नर ठेवून बाकीचे काढावेत. बाजारातल्या संकरित पपईच्या बियांपासून मात्र आईसारखेच फळ येईल अशी आशा धरू नये. टोमॅटोचेही तेच. संकरित टोमॅटोची आपोआप उगवलेली रोपे फळे देतात, पण कशी देतील ते देवाला ठाऊक. एक-दोन ठेवावीत, सगळा वाफा त्यावर भरू नये.

कढीपत्त्याचे जुने झाड असेल तर त्याच्या भोवती मुळांवरून फुटवे आलेले दिसतील. आपण ते हिसका देऊन उपटतो आणि ते वाळतात. तसे न करता आईझाड आणि फुटवा यांच्या मध्ये कुदळीने सरळ घाव घालून मूळ तोडावे आणि फुटवा जागेवरच सोडावा. पाणी देत राहावे. तीन-चार आठवड्यांनी नवी पालवी धरली की समजावे याला स्वतःची मुळे सुटली. मग मातीसह काढून लावावा. सूनबाईने मागच्या संक्रांतीआधी अशी अकरा रोपे दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून ठेवली आणि रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला तीच वाण म्हणून लुटली. प्लॅस्टिकच्या डब्या, चाळण्यांपेक्षा बायकांना हे वाण फार आवडले. दोघीतिघींनी तर दुसऱ्या दिवशी येऊन, अजून आहे का, म्हणून विचारले.

शेवग्याला या दिवसांत फुले असतात. तेव्हा कुऱ्हाड लांब ठेवावी. शेंगा उतरल्यावर छाटणी करावी, आणि छाटलेल्या मनगटाएवढ्या जाड फांद्यांचे तीन-चार फुटांचे तुकडे बांधाला लावावेत.

आता मांडव. पावसाळ्यातले दोडके, घोसाळी, वाल यांचे वेल माघापर्यंत वाळलेले असतात आणि आपण ते ओढून उकिरड्यावर फेकतो. थांबा. आधी वर बघा. पानाआड राहून गेलेली, वाळून तपकिरी झालेली दोडकी हलवली की आत बी खुळखुळते. ते तुमचे बियाणे. निरोगी वेलावरचे, चांगल्या आकाराचे फळ असेल तरच ठेवावे. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची अंघोळीला घासणी होते, बी वेगळे निघते. फक्त कुंपणावर कुठे रानातला कडू दोडका चढलेला नाही ना, ते पाहावे. तो जवळ असला तर मधमाश्या त्याचे पराग आपल्या वेलावर आणतात आणि पुढच्या वर्षी आपल्याच बियाची फळे कडू निघतात.

वाल-पावट्याच्या वाळक्या शेंगाही अशाच गोळा कराव्यात, पण ते बी आता पेरू नये. गावठी वालाला फूल येते ते दिवस लहान होऊ लागल्यावर. उन्हाळ्यात लावलेला वाल नुसता वेल वाढवीत सुटतो. आम्ही एकदा हौसेने लावला; मांडव भरला, पाहुण्यांनी तारीफ केली, शेंग मात्र एक नाही. हे बी सावलीत खडखडीत वाळवून, लाकडाची चाळलेली राख मिसळून, झाकण घट्ट बसेल अशा बाटलीत जून-जुलैपर्यंत ठेवावे. राखेने भुंगा लागत नाही. गॅस आल्यापासून घरात राख मिळत नाही ही अडचण खरी. पाणी तापवायच्या बंबाखालची राख चालते.

एक सावधगिरी मात्र अक्षरशः जिवाची आहे. उकिरड्यावर आमच्याकडे एक दुधीचा वेल आपोआप आला. फळ सुरेख, कोवळे. सूनबाई चिरायला बसली तेव्हा मातुश्रींनी एक चकती मागून घेतली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. "कडू हाय. टाकून दे." सगळी फळे आणि वेलही उपटून टाकला. मला तेव्हा ते जास्तीचे वाटले होते. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शिकलेल्या माणसाचा प्राण गेला, आणि त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, हे मला फार उशिरा समजले. काकडी, दुधी, दोडका या वर्गातल्या झाडांत एक कडू द्रव्य असते; ते वाढले तर उलट्या, जुलाब, रक्त पडणे इथपर्यंत जाते, आणि शिजवून ते जात नाही. कारल्याचा कडूपणा निराळा, त्याची भीती नाही. पण दुधी किंवा दोडका कडू लागला तर साखर-गूळ घालून खपवू नये. चाखून थुंकावे आणि फेकून द्यावे.

फेरी संपली की वही पाहून काय नाही ते ठरवायचे आणि तेवढेच बी विकत आणायचे. भेंडीची परभणी क्रांती जात मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढली, तिच्यावर पाने पिवळी पडण्याचा केवडा रोग कमी येतो. दुधीची सम्राट, काकडीची हिमांगी, दोडक्याची फुले सुचेता या जाती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या. या संकरित नाहीत, तेव्हा एकदा बी आणले की पुढे घरचे धरता येते. गवारीची पुसा नवबहार चांगली. मी दर वर्षी भेंडी आणि काकडीचे बी विकत घेतो, बाकीचे घरचे.

पेरणीची घाई करू नये आणि उशीरही नको. माघात रात्री गार असतात, वेलभाजीचे बी थंड मातीत कुजते. रथसप्तमी ते महाशिवरात्र हा आमचा काळ. कारली, दोडका यांच्या बियाचे कवच जाड, म्हणून ते चोवीस तास, भेंडी रात्रभर पाण्यात भिजवावी. भिजलेले बी ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवले की मोड लवकर येतो. आमची मुले ती पुरचुंडी बंबाजवळच्या कोनाड्यात ठेवतात आणि दिवसातून दहा वेळा सोडून बघतात. बघू द्यावे. मोड आलेले बी नारळाच्या करवंटीत माती-शेणखत भरून लावायचे, दोन-तीन पाने फुटली की खड्ड्यात. करवंटीला खाली भोक पाडायला विसरू नका.

खड्डे घेणे हे मुलाचे काम, कारण माझी कंबर आता ऐकत नाही. हात-हात लांबीरुंदीचे आणि तेवढेच खोल. त्यात मुरलेले शेणखत, किंवा कारखान्याची मळी. पण मळी कुजलेलीच हवी. ट्रॉलीतून आणलेली ताजी मळी ढिगात कुजताना तापते, तिच्यावर रोप लावले तर मुळे भाजतात. सावलीत ढीग करून, अधूनमधून पाणी मारून, दोन-तीन महिने पालटत ठेवली आणि हाताला गार लागली की वापरावी. म्हणजे उन्हाळ्याच्या खड्ड्यासाठी मळी दिवाळीलाच आणून ठेवायला हवी. आम्हांला हे पहिल्या वर्षी सुचले नाही आणि तीन कारली गमावली.

आणि पाचट. हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपण काडी लावून पेटवतो. ते खोडव्यात ठेवण्याबद्दल पुष्कळ सांगितले जाते, मी ते पुन्हा सांगत नाही. त्यातले चार भारे परसात आणा. वेलांच्या आळ्यात चार बोटे थर दिला की चैत्र-वैशाखात एका आड एक दिवसाचे पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवसावर जाते. वाळवीची जमीन असेल तर पाचट खोडाला टेकू देऊ नये.

रोपे दोन पानांवर आली की तांबडे भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. सकाळी दवात चाळलेली राख धुरळावी आणि भुंगेरे हाताने वेचावेत. मुलांना शंभराला एक गोळी असा दर आमच्याकडे आहे. फळमाशीने डंख मारलेली, वाकडी झालेली फळे वेलाखाली पडू देऊ नयेत, खोल पुरावीत. क्यू-ल्यूरचा सापळा टांगला तर आणखी बरे.

फुले गळतात, फळ धरत नाही, अशी तक्रार पुष्कळ घरांतून येते. आधी फूल ओळखा. ज्या फुलामागे बोटभर फळ असते ती मादी, नुसत्या दांड्यावरचा नर. पहिले काही दिवस नरच येतात, घाबरायचे कारण नाही. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी माश्या कमी. नराचे फूल तोडून मादीला हलके टेकवले की काम होते. आमच्या नातीची ही दिवेलागणीची ड्युटी आहे. कोणते फळ तिने धरवले याची नोंद वहीत असते आणि ते फळ चिरताना तिला बोलवावे लागते.

यंदा फेरीत नवीन काय सापडले म्हणाल तर विहिरीच्या थारोळ्याशी चंदनबटव्याची आठ-दहा रोपे. कुठून आली कळत नाही. मातुश्रींनी सर्वांना चिंध्या बांधायला लावल्या आहेत, एकही पान खुडू दिलेले नाही. बी धरल्यावर बघू म्हणतात. घोसाळ्याचे बी मात्र आमच्याकडे गरजेपेक्षा पुष्कळ निघाले. त्याच्या कागदी पुड्या करून नातीने आमच्या गटाच्या चिटबॉयकडे दिल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी ऊस नोंदीच्या वेळी मागून घ्याव्यात. एका घरी एकच पुडी, कारण तिने मोजून दिल्या आहेत.

— एक सभासद